२८ बॅगा आणि शेवटून दुसरी ओळ

सल्ला मागायला आलेलं पत्र थोडक्यात असं आहे. अमरावती जिल्ह्यातलं एक आठवडी बाजाराचं गाव. लिहिणारे भाऊ ४४ वर्षांचे, मुस्लिम. गावातल्याच एका ख्रिश्चन मित्रासोबत ११ वर्षांपासून पार्टनरशिपमध्ये कृषी केंद्र चालवतात, दोघं पहिलीपासून एका बाकावरचे. दुकानात एक पोरगा कामाला, वय "१८-१९", वडील नाहीत, आई निंदणाला आणि कापूस वेचायला जाते. गोडाऊनची चावी पोराकडेच असायची. मागच्या महिन्यात विक्री नोंदवायच्या पॉस मशीनमधला स्टॉक आणि गोडाऊनमधला माल जुळेना, मोजलं तर डीएपी खताच्या २८ बॅगा कमी. १,३५० प्रमाणे ३७,८०० रुपये. पोरानं रडत कबूल केलं, थोडे पैसे आईच्या दवाखान्यात गेले म्हणे, थोडे मोबाईलच्या गेममध्ये. मित्रानं हॉटेलात चहा पिता पिता चारचौघात सांगून टाकलं, "म्या त्याले माफ केलं, आमचा प्रभू तेच शिकवते." रविवारी चर्चमध्ये पास्टरनं त्याचं कौतुकही केलं. भाऊंना मात्र पोलिसात रिपोर्ट द्यायचाय, तर गावातले म्हणतात, "तुमच्यात तं हातच तोडतेत, तुम्ही कायले माफ करसान." मशिदीतले हाफिजजी म्हणतात सब्र करा, बायको म्हणते सोडून द्या. पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत. "पोट्टा म्हणते बॅगा माजी सरपंचाच्या गाडीत गेल्या, पण ते जाऊ द्या. ताई, मले एवढंच सांगा, माझ्या धर्मात शिक्षा अन त्याच्या धर्मात माफी, मंग दुकान एकच असल्यावर करायचं काय?"

भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दोनदा साधं आणि तिसऱ्यांदा कॅल्क्युलेटर घेऊन. कॅल्क्युलेटरचं नंतर सांगते, आधी जे मनाला लागलंय त्याचं बोलू, कारण मला वाटतं तुम्हाला ३७,८०० रुपयांपेक्षा ते हॉटेलातलं वाक्य जास्त लागलंय. बोलणारा हसत हसत बोलला असेल, आपल्याकडे लोक असंच बोलतात आणि मग दुसरा चहा सांगतात, पण तुम्ही ते वाक्य घेऊन घरी आलात आणि तेव्हापासून गणित असं झालंय की रिपोर्ट दिला तर "पाहा, म्हटलं नव्हतं का" आणि नाही दिला तर "भेला". चोरी केली पोरानं आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभे तुम्ही.

एक सांगून ठेवते, मी मौलवी नाही की पास्टर नाही. ३१ वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवलं, खारपाणपट्ट्यातल्या गावांत, वर्गात सगळ्या घरची लेकरं असायची. रिटायर झाल्यावर दोन्ही ग्रंथ मराठीत आणून ठेवले, दुपारी वाचत बसते, अडलं की जाणत्यांना विचारते. तेवढ्यावरच बोलतेय, कुठं चुकलं तर हाफिजजींना दाखवा आणि मला कळवा.

तर आधी हाताचं. कुराणात सूरह माइदाच्या ३८ व्या आयतीत चोरीला हात कापायची शिक्षा सांगितली आहे, ते लपवायचं काही कारण नाही. पण लगेच पुढची ३९ वी आयत आहे, की चूक केल्यावर ज्यानं तौबा केली आणि सुधारला त्याला अल्लाह माफ करतो. आणि नंतरच्या फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, जाणकारांनी या शिक्षेला इतक्या अटी लावून ठेवल्या की वाचताना वाटतं हे लोक शिक्षा देण्यापेक्षा ती टाळायलाच बसले होते, माल ठरावीक किमतीच्या वरचा पाहिजे (हनफी पंथाच्या हिशोबात १० दिरहम, म्हणजे चांदीची नाणी), माल बंदोबस्तातला पाहिजे, शंकेला जागा असली की ही शिक्षा बाजूला. आणि तुमच्या केसमध्ये नेमकं बसणारं म्हणजे, ज्याला आपणच भरवशानं आत घेतलं त्यानं अमानतीत खयानत (सोपवलेल्या मालात दगा) केली तर त्याला हात कापायची शिक्षा नाही, तशी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनाची नोंद, आहे. चावी तुम्हीच दिली होती ना? मग त्या हॉटेलवाल्या भाऊला सांगा की बाप्पा, हजार वर्षांपूर्वीच्या काझीपुढं नेलं असतं तरी या पोट्ट्याचा हात शाबूत राहिला असता. प्रकरण ताजीरमध्ये गेलं असतं, म्हणजे काझीनं माणूस पाहून, परिस्थिती पाहून जे ठरवलं ते, नुसती ताकीदसुद्धा.

आणि हे झालं ग्रंथातलं. आपल्या देशात गुन्ह्याचा कायदा सगळ्यांना एकच, १८६० च्या पीनल कोडपासून, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता. १९३७ चा शरियतचा कायदा आहे तो निकाह, तलाक, वारसा असल्या गोष्टींचा, चोरीमारीचा त्यात विषयच नाही. तुम्ही ठाण्यात गेलात तर ठाणेदार तुम्हाला दुकानाचं लायसन विचारेल, स्टॉक रजिस्टर विचारेल, धर्म विचारून कलम लावणार नाही.

आता तुमचे मित्र. त्यांच्यावर मी जरा चिडलेच, खरं सांगते. माणूस चांगला असेल, ११ वर्षं पार्टनरशिप टिकवणं ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही, सख्ख्या भावांची दोन वर्षं टिकत नाही. पण ३७,८०० मधले १८,९०० तुमचे आहेत. त्यांनी हॉटेलात जी माफी जाहीर केली त्यातली अर्धी तुमच्या खिशातली होती, आणि कौतुक मात्र पूर्ण त्यांना मिळालं. माफ करणं हा ज्याचं नुकसान झालं त्याचा हक्क, आणि तोही त्याच्या वाट्यापुरता. शेजाऱ्याच्या बैलानं माझं पीक खाल्लं तर माझ्या नावानं दुसरं कोणी उदार होऊ शकत नाही.

हे मी माझ्या मनानं नाही म्हणत, त्यांच्याच ग्रंथात याचं फार सुंदर उदाहरण आहे. बायबलमध्ये पौलाचं, म्हणजे सुरुवातीच्या एका धर्मप्रचारकाचं, फिलेमोनाला लिहिलेलं एक छोटंसं पत्र आहे, एका पानाचं. अनेसिम नावाचा दास मालकापासून दुरावला, बहुतेक काही नुकसानही करून गेला, तो पौलाला भेटला आणि पौल त्याला परत पाठवताना मालकाला लिहितो की याला भावासारखा घे, आणि यानं तुझं काही नुकसान केलं असेल किंवा काही देणं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन. पाहा बरं, पौल परस्पर "मी माफ केलं" म्हणत नाही, हिशोब स्वतःच्या नावावर घेतो. तर तुमच्या मित्राला फारच वाटत असेल की पोराला पूर्ण सोडावं, तर त्यांनी खातेवही उघडावी आणि तुमचे १८,९०० स्वतःच्या नावावर टाकावे. मग हॉटेलात काय सांगायचं ते सांगोत. हे तुम्ही त्यांना भांडणाच्या सुरात म्हणू नका, ते पत्र काढून सोबत बसून वाचा, त्यांना पास्टरपेक्षा जास्त कळेल.

तसंच "आमच्यात माफी" हेही अर्धंच. साताच्या सत्तर वेळा क्षमा करा असं येशूनं पेत्र नावाच्या शिष्याला सांगितलं हे खरंय, मत्तयाच्या १८ व्या अध्यायात. पण त्याच अध्यायात थोडं आधी हेही आहे की कोणी चूक केली तर आधी त्याला एकट्यात गाठून सांग, ऐकलं नाही तर एकदोघांना साक्षीला ने, तरी नाही ऐकलं तर मंडळीपुढं ठेव. म्हणजे माफी द्यायच्या आधी चूक तोंडावर सांगायचं काम आहे, आणि ते सगळ्यात अवघड काम आहे, ते टाळायला माफी फार सोयीची पडते. लूकमध्ये जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आहे, बुटका माणूस, येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढला होता, येशू त्याच्या घरी पाहुणा जातो आणि हा उभा राहून म्हणतो ज्याचं मी लुबाडलं असेल त्याला चौपट परत करीन. त्याला कोणी शिक्षा दिली नाही, पण पैसे परत द्यायचं त्यानं स्वतःच काढलं. आणि रोमकरांच्या पत्रात १२ व्या अध्यायात सूड घेऊ नका असं आहे, त्याला लागूनच १३ व्या अध्यायात आहे की अधिकारी उगाच तलवार बाळगत नाही, वाईट करणाऱ्याला शिक्षा करणं हे त्याचं काम. सूड माझा नाही, पण कायदा आहे, असं दोन्ही एकाच दमात.

आणि ख्रिश्चन म्हणजे नरम आणि मुसलमान म्हणजे कडक हे जे चित्र आपल्या डोक्यात बसलंय ना, त्याचीही गंमत सांगते. इंग्लंडात, जिथं राजाच चर्चचा प्रमुख, तिथं दुकानातून ५ शिलिंगचा माल चोरला तर फाशी असा कायदा १६९९ साली केला होता आणि तो एकोणिसाव्या शतकापर्यंत चालला. ५ शिलिंग! तुमच्या पोट्ट्याचं तिथं काय झालं असतं सांगायला नको. आणि इकडं दुष्काळाच्या वर्षी दुसरे खलिफा हजरत उमर यांनी हात कापायची शिक्षा थांबवून ठेवली होती, कारण लोक उपाशी होते. कुणाचा धर्म कडक हे असं दुकानाच्या पाटीवरून नाही ठरत.

पण म्हणून माफीला मी कमी लेखत नाहीये हां. २०१८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या आसनसोलच्या दंगलीत तिथल्या मशिदीचे इमाम मौलाना इम्दादुल रशिदी यांचा १६ वर्षांचा मुलगा मारला गेला, तेव्हा हजारो लोकांपुढं उभं राहून हा बाप म्हणाला की कोणीही बदला घेतला तर मी ही मशीद आणि हे शहर सोडून जाईन. शहर शांत राहिलं. तेव्हा "तुमच्यात माफी नाही" असं कोणी म्हटलं तर हे नाव सांगा. सूरह शूराच्या ४० व्या आयतीतही तेच आहे, वाईटाचा बदला तेवढाच, पण जो माफ करून समेट करतो त्याचं फळ अल्लाहकडे. दोन्ही दारं उघडी ठेवलीत. शिक्षा मागायचा हक्क आहे आणि सोडायचाही आहे, आणि मागितला म्हणून माणूस वाईट होत नाही. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हवं असेल तर ते एवढंच. तुमच्याकडेही दोन्ही आहे, त्यांच्याकडेही दोन्ही आहे, त्यामुळे दुकान एक असल्यानं काही अडत नाही.

अडतंय ते दुसरीकडे. आता कॅल्क्युलेटर.

डीएपीची बॅग ५० किलोची. २८ गुणिले ५०, १,४०० किलो. १४ क्विंटल, भाऊ. ज्या पोराकडे सायकल आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नाही, त्यानं १४ क्विंटल खत काय डोक्यावर नेलं? शटर उघडं होतं, गाडी लागली, हमाली झाली, कोणीतरी गाडीत टाकलं आणि कोणाच्या तरी शेतात उतरलं. आणि डीएपीची तर टंचाई असते, लोक पहाटेपासून लायनीत उभे राहतात, अंगठा दिल्याशिवाय बॅग मिळत नाही हे गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल. ज्यानं अंगठा न देता, बिल न घेता २८ बॅगा घेतल्या त्याला माहीत नव्हतं का माल कसा आलाय? आणि हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच लिहिलंय, शेवटून दुसऱ्या ओळीत, आणि लगेच "पण ते जाऊ द्या" असंही लिहिलंय.

माझं मत सांगू का, राग येईल थोडा. तुमचा आणि तुमच्या मित्राचा धर्मावरून वाद नाहीच. त्या एका ओळीवर तुमचं दोघांचं एकमत आहे. ते माफी म्हणून पोरापाशी थांबले, तुम्ही शिक्षा म्हणून पोरापाशी थांबलात. माजी सरपंचापर्यंत जायला दोघांनाही नको, कारण त्यांच्याकडं तुमची उधारी असेल, हंगामाला चाळीस बॅगा तेच घेत असतील, उद्या लायसनच्या कामाला त्यांचाच फोन लागत असेल. मी समजू शकते. पण मग धर्माला मध्ये कशाला आणायचं.

यावर तुमच्याकडे जी हदीस आहे ती तर मला तोंडपाठ झालीय. मखजूम घराण्यातल्या एका बाईनं चोरी केली, बडं घराणं, लोकांना वाटलं हिची शिक्षा टळावी, म्हणून पैगंबरांच्या लाडक्या उसामाला रदबदलीला पाठवलं. पैगंबर रागावले. म्हणाले तुमच्या आधीचे लोक याच कारणानं नाश पावले की त्यांच्यातल्या बड्यानं चोरी केली तर सोडून द्यायचे आणि दुबळ्यानं केली तर शिक्षा, माझी मुलगी फातिमा असती तरी मी हीच शिक्षा केली असती. लोक ही हदीस शिक्षा किती कडक हे दाखवायला सांगतात, मला तर त्यात रदबदली करायला आलेल्यांची खरडपट्टी जास्त दिसते. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीतही तेच, न्यायासाठी उभे राहा, स्वतःच्या विरुद्ध, आईबापाच्या विरुद्ध जावं लागलं तरी, समोरचा श्रीमंत असो की गरीब.

तिकडं आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, इंदूरकडं, १९९५ मध्ये सिस्टर राणी मारिया यांचा बसमध्ये चाकूनं खून झाला. गरीब शेतकऱ्यांना सावकारीतून सोडवायचं काम करायच्या, म्हणून बड्या लोकांनी एका तरुणाकडून हे करवून घेतलं. तो तरुण जेलमध्ये गेला. पुढं २००२ साली सिस्टरच्या सख्ख्या बहिणीनं जेलमध्ये जाऊन त्याच्या हातात राखी बांधली, २००६ मध्ये तो सुटला, आणि त्या घरानं त्याला खरंच आपलं मानलं. मला यात दोन गोष्टी दिसतात. माफी मिळाली म्हणून जेल टळली नाही, तो ११ वर्षं आत होता, दोन्ही सोबत चाललं. आणि हात एकाचा असतो, डोकं दुसऱ्याचं.

आता माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे तुम्हाला वाटणार नाही की ताई नुसती पुस्तकं वाचून बोलतात. २००७ च्या १५ ऑगस्टला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगावी समित्या झाल्या, आमच्याही गावात झाली आणि मास्तरीण म्हणून मला घेतलं, प्रोसिडिंग लिहायला. एकदा शेतातल्या मोटारपंपाची केबल चोरीला गेली, ६० मीटर, त्यातलं तांबं विकायला. पोरगं सापडलं, माझ्याच हाताखाली चौथी शिकलेलं. आम्ही मोठेपणानं ठरवलं, पोलिसात द्यायचं नाही, पोराचं आयुष्य बरबाद होते. मारुतीच्या पारावर सगळ्या गावापुढं उभं केलं, कान धरायला लावले, माफी मागायला लावली, टाळ्या वाजल्या. मी रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलं की चूक कबूल केली, समितीनं मोठ्या मनानं क्षमा केली. त्यानं खाली सही केली आणि नावातली वेलांटी ऱ्हस्व काढायची तर दीर्घ काढली, चौथीतही तिथंच चुकायचा, आणि मला त्याही वेळी ती दुरुस्त करावीशी वाटली, म्हणजे पाहा माझं लक्ष कुठं होतं. आठ दिवसांत तो गाव सोडून सुरतेकडं गेला. त्याची आई थंडीत दरवर्षी मला हरभऱ्याची कोवळी भाजी आणून द्यायची, तिनं आणणं बंद केलं. आणि ज्या भंगारवाल्यानं ते तांबं घेतलं त्याचं नाव समितीत कोणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही. पुढच्या वर्षी परत केबली गेल्या.

आम्हाला वाटलं आम्ही माफ केलं. पारावर उभं करणं हीच शिक्षा होती आणि ती ठाणेदारानं दिली असती त्यापेक्षा मोठी होती, फक्त आम्ही तिचं नाव माफी ठेवलं. म्हणून तुमच्या मित्रानं हॉटेलात जे केलं त्याचा मला राग आला. त्या चहाच्या टेबलावर पोराचं नाव चोर म्हणून गावभर झालंच की.

बरं, आता करायचं काय ते बोलू.

सगळ्यात आधी वय. "१८-१९" असं तुम्ही सहज लिहिलंय, पण हा एक आकडा नाहीये भाऊ, हे दोन कायदे आहेत. शाळेची टीसी पाहा. पहिली बॅग गेली त्या दिवशी तो १८ च्या आत असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडं जाईल, साध्या कोर्टात नाही. १८ च्या वर असेल तर नोकरानं मालकाच्या मालाची चोरी, याला न्याय संहितेत ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, साध्या चोरीपेक्षा जास्त, हे रिपोर्ट द्यायच्या आधी माहीत असू द्या. तशी २१ च्या आतल्या पोराला शक्यतो जेलमध्ये टाकू नये असं १९५८ चा परिवीक्षा कायदा म्हणतो, जज प्रोबेशनवर सोडू शकतो, पण तोवर ठाणं, वकील, तारखा, आईची मजुरी बुडणं, हे सगळं होऊन गेलेलं असतं.

आणि रिपोर्ट दिल्यावर "चला, आता मागे घेतो" असं होत नाही. या कलमात तडजोड करता येते पण कोर्टाची परवानगी लागते. मजा पाहा, हेच तुमच्याकडे सफवान इब्न उमैयाच्या हदीसमध्ये आहे. मशिदीत चादर उशाला घेऊन झोपले होते, एकानं ती चोरली, पकडून पैगंबरांपुढं आणला, शिक्षेचा हुकूम झाला तेव्हा सफवानना वाईट वाटलं, म्हणाले जाऊ द्या, मी त्याला ती चादर देऊन टाकतो. पैगंबर म्हणाले मग माझ्याकडे आणायच्या आधीच का नाही दिलीस. तर तुमची सोडायची वेळ आत्ताची आहे, ठाण्याच्या पायऱ्या चढायच्या आधीची. चढलात की मामला तुमचा एकट्याचा राहत नाही.

पण तुमच्या केसमध्ये तो आत्ताही पूर्ण तुमच्या दोघांचा नाहीये, आणि हे तुमच्या मित्राच्या लक्षात आलेलं दिसत नाही. डीएपी सबसिडीचं खत. पॉस मशीनमध्ये २८ बॅगा शिल्लक दिसतायत आणि गोडाऊनमध्ये नाहीत, उद्या पंचायत समितीचे कृषी अधिकारी तपासणीला आले तर ते तुमच्या क्षमेचं पत्रक वाचणार नाहीत, खत नियंत्रण आदेशाखाली लायसनच सस्पेंड होऊ शकतं. आणि मला माहितीय लोक अशा वेळी काय करतात, घरच्यांचे, गड्यांचे अंगठे घेऊन मशीनमध्ये विक्री दाखवून स्टॉक जुळवतात. तसं अजिबात करू नका. आतापर्यंत चोरी पोरानं केलीय, अंगठे मारले की तुम्ही दोघंही त्यात आलात, आणि मग माजी सरपंचाला तुम्ही काही विचारायच्या लायकीचे राहणार नाही, उलट तेच तुम्हाला विचारतील. दोघांच्या सहीनं कृषी ऑफिसला लेखी द्या की अमुक तारखेला मोजणीत इतका माल कमी आढळला. पोच घ्या. ते रिपोर्ट द्या म्हणाले तर द्यावाच लागेल, आणि तेव्हा रिपोर्टमध्ये पोरगा काय सांगतो ते पूर्ण येऊ द्या, गाडीसकट. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हा आहे, त्यालाही ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पोराशी बोलणं एकदाच करा, त्याच्या घरी, आईसमोर, तुम्ही दोघं आणि ते दोघं. हॉटेलात नाही, दुकानात गिऱ्हाईकांपुढं नाही, समितीपुढं तर नाहीच. हात उगारू नका, आधार कार्ड ठेवून घेऊ नका, कोऱ्या कागदावर सही घेऊ नका, लोक रागात हे करतात आणि मग तेच आरोपी होतात. विचारायचं एवढंच की पहिल्यांदा कोणी सुचवलं, गाडी कोणाची, बॅगेमागं हातात किती आले. मला वाटतं उत्तर ऐकून तुम्हाला पोराचा राग अर्धा होईल, १,३५० ची बॅग त्यानं कितीला दिली असेल याचा मला अंदाज आहे.

आणि एक विचारते, रागावू नका. पगार किती देता त्याला? पत्रात सगळे आकडे आहेत, हा नाही. हजरत उमरांच्या काळची गोष्ट इमाम मालिकांच्या हदीसच्या संग्रहात आहे, हातिब नावाच्या माणसाच्या गुलामांनी दुसऱ्याची उंटीण चोरून कापून खाल्ली. उमरनी आधी शिक्षेचा हुकूम दिला आणि मग मालकाकडं पाहून म्हणाले, मला वाटतं तू यांना उपाशी ठेवतोस. उंटिणीची किंमत निघाली ४०० दिरहम, मालकाला ८०० भरायला लावले. तुम्ही उपाशी ठेवत असाल असं मी म्हणत नाही. पण १८-१९ च्या पोराकडं लाखोंच्या मालाची चावी देताना पगार किती होता, आईच्या दवाखान्याला त्यानं उचल मागितली होती का, मागितली तर मिळाली का, हे तुम्ही दोघांनी एकदा आठवून पाहा. दुकानात पोरं ठेवणाऱ्या सगळ्यांनीच पाहावं, मला असली चौथी चिठ्ठी आहे या वर्षातली.

पैसे परत घ्यायचे. सगळे नाही जमले तरी काही घ्यायचेच, महिन्याला ५०० का असेना, वहीत लिहून, सही घेऊन, फुकट सोडलेलं पोरगं मान वर करून गावात फिरत नाही, फेडणारं फिरतं. मित्राला त्याचा वाटा सोडायचा असेल तर त्यानं सोडावा. कामावर ठेवायचं की नाही ते तुम्ही पाहा, मी असते तर ठेवला असता आणि चावी घेतली असती.

राहिली ती ओळ. मी म्हणत नाही मोर्चा न्या. दोघं जा माजी सरपंचाकडे, सकाळी, माणसं जमायच्या आधी. मत्तयात सांगितलंय तसं पहिल्यांदा एकट्यात. म्हणा दादासाहेब, आमच्या २८ बॅगा तुमच्या शेतात उतरल्या असं पोरगा सांगते, बिल झालेलं नाही, आम्हाला कृषी ऑफिसला लेखी द्यायचंय, त्यात काय लिहू. बस. माल न्या म्हणतील, पैसे देतील, नाहीतर अंगावर येतील, जे होईल ते होईल. पैसे दिले तरी ऑफिसला द्यायच्या कागदातलं काही खोडू नका. आणि पैशानं तुमचं नुकसान भरलं तर मग पोराकडून दुप्पट वसूल करू नका, त्याच्या हातात जेवढे आले होते तेवढ्याचाच त्याचा हिशोब करा, ते पैसे आईच्या नावानं पोस्टात टाकलेत तरी चालतील.

शुक्रवारी नमाज झाल्यावर मित्राला गाठा, रविवारच्या आत. खरीपाचा माल यायच्या आधी हे उरकलं पाहिजे, त्यानंतर तुम्हाला दोघांनाही दुकानातून मान वर करायला वेळ नसतो. आणि सरपंचाकडे जाल तेव्हा वेगवेगळे जाऊ नका, एकाच गाडीवर जा. चहा आणला तर नको म्हणा, आधी बोलणं होऊ द्या.